एक पेशंट, एक पास

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक भलंमोठं पोस्टर लावलेलं होतं. हसणारी आजी, तिचा हात धरलेली हसणारी सून आणि मागे हसणारी नर्स. खाली ठळक अक्षरांत, 'रुग्णाच्या बरे होण्यात कुटुंबाचा सहभाग मोलाचा.' आणि बरोब्बर त्या पोस्टरखाली खुर्ची टाकून सिक्युरिटीवाला बसायचा. कुटुंबाला वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. मनिषानं ते पोस्टर इतक्या वेळा वाचलं होतं की त्यातल्या सुनेचे दात तिला पाठ झाले होते. हिचं काय जातंय हसायला, हिच्या सासऱ्याला कुणी खाटेला बांधलेलं नाही, असं तिला दर वेळी वाटायचं.

मनिषाचे सासरे शिवा घरत कोन गावातल्या घरी बाथरूममध्ये घसरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. पनवेलच्या या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, अगदी छान झालं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून तो रॉड कसा सरळ बसलाय हे कौतुकानं समजावलं. पाय सरळ झाला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून माणूसच वाकडा चालायला लागला. कुणाला ओळखेना, कुठं आहोत ते कळेना. सलाईनची सुई उपसून काढली. मोडक्या पायानिशी खाटेवरून उतरायला गेले. आणि ओरडायला लागले ते थांबेचनात.

शिवा घरत हा काही ओरडणारा माणूस नव्हता. लग्न होऊन मनिषा घरात आल्यापासून त्यांनी तिला एकदाही वरच्या आवाजात हाक मारली नव्हती. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर ओट्यावर बसून राहायचे. असा माणूस गुरासारखा हंबरतोय हे तिला जिन्यापर्यंत ऐकू आलं, तेव्हा ती उरलेल्या पायऱ्या धावतच चढली.

बरं, जवळ बसून राहावं म्हटलं तर तीही सोय नाही. एका पेशंटमागे एक पास, तोही भेटीच्या वेळेपुरता. बाकी वेळ नातेवाइकांनी वॉर्डात थांबायचं नाही. इन्फेक्शन होतं. आमचा स्टाफ आहे ना. पण त्याच स्टाफचा फोन मात्र भेटीची वेळ सोडून कधीही यायचा. "ताई, तुमचा पेशंट ऐकत नाही, ताबडतोब या." मनिषा हातातलं लाटणं टाकून निघायची, कोनवरून रिक्षा करायची, पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये जीव मुठीत धरून बसायची. हॉस्पिटलात पोचेपर्यंत बाबांना इंजेक्शन दिलेलं असायचं. "आता झोपलेत. तुम्ही खाली बसा." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली गत.

त्यात तिसऱ्याच दिवशी सिस्टर अरुंधतींनी तिला कोपऱ्यात घेतलं. वॉर्डाच्या इन्चार्ज. उंच, काटकुळ्या, सतत घाईत.

"ताई, राग मानू नका, पण आजोबा फार घाण बोलतात."

"घाण म्हणजे?"

सिस्टरनी इकडेतिकडे पाहिलं. "उघडी आहे, उघडी आहे, असं सारखं. माझ्या मुली नव्या आहेत हो, विशीतल्या. त्या पांघरूण घालायला गेल्या तरी हात झटकतात आणि तेच. उघडी हाय, उघडी हाय. कुणाला सांगायचं?"

मनिषाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं जाऊन स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाबांचे डोळे तारवटलेले, गाल आत गेलेले, ओठांतून लाळ. आणि त्या पिचक्या तोंडातून खरंच तेच शब्द येत होते. 'उगडी हाय... उगडी हाय रं... बांदा...'

"बाबा, असं बोलू नये," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "हॉस्पिटल आहे हे. तुमचं ऑपरेशन झालंय."

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू मूर्ख बाई कुठली. आणि दुप्पट मोठ्यानं ओरडले. समोरच्या खाटेवरचा माणूस तोंडावर चादर घेऊन हसला. मनिषाला त्या माणसाचा राग आला, बाबांचा आला आणि सर्वांत जास्त स्वतःचा, कारण तिला लाज वाटली होती.

धनेशला सांगितलं तेव्हा तो लालबुंद झाला. धनेश घरत म्हणजे तिचा नवरा. जमिनी गेलेल्यांना बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटांपासून सुरुवात करून आता द्रोणागिरीत दोन बिल्डिंगा उभ्या करणारा. पनवेल-उरणमध्ये चारचौघांत त्याला मान आणि त्याचा बाप भरल्या वॉर्डात असलं काही बोलतोय. "आईला यातलं काय पन कळता कामा नये," त्यानं बजावलं. "आनि तिला हॉस्पिटलात आनू पन नकोस. मरंल ती लाजेनं."

म्हणून रंभाबाई घरी. नवऱ्याला बघायला न्या म्हणून रोज धोशा लावायच्या आणि मनिषा रोज काहीतरी थाप मारायची. आज डॉक्टरांनी नको म्हटलंय. आज तपासण्या आहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि आज सकाळी मनिषा पास गळ्यात घालून वर गेली, तेव्हा बाबांचे दोन्ही हात खाटेच्या कठड्यांना बँडेजच्या पट्ट्यांनी बांधलेले होते.

ते ओरडत नव्हते. छताकडे बघत पडले होते. नाकावर एक माशी बसत होती, उडत होती, पुन्हा बसत होती आणि त्यांना ती हाकलता येत नव्हती.

"हे कुणी केलं?" मनिषाचा आवाज चढला. "कुणी बांधलं यांना?"

सिस्टर अरुंधती औषधांचा ट्रे घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. "काल संध्याकाळी. सुई तिसऱ्यांदा काढली त्यांनी. खाली पडले असते तर खुबा पुन्हा मोडला असता."

"म्हणून बांधायचं? गुरं आहेत का ती?"

"आणि ते स्वतःच म्हणतात ना, बांधा बांधा," मागून एक लहानशी नर्स पुटपुटली. तिला तो विनोद वाटला असावा.

"घरच्यांना विचारून बांधलंय," सिस्टर म्हणाल्या.

"कुणाला विचारलंत? मला नाही विचारलं."

"मिस्टरांना विचारा."

मनिषानं तिथंच धनेशला फोन लावला. पलीकडे काँक्रीट मिक्सरची घरघर. "मला? मला कोन विचारतंय? हे लोक परस्पर करतात सगलं," तो म्हणाला आणि साईटवर आहे म्हणून फोन ठेवला. झालं. मनिषानं मग मागचापुढचा विचार केला नाही. आठवडाभराचं साठलेलं होतं ते भरल्या वॉर्डात ओतलं. खोटारड्या आहात तुम्ही, म्हणाली. करायचं तुम्ही आणि नाव आमच्या माणसांचं, म्हणाली. तुमच्या बापाला असं बांधाल का, असंही म्हणाली. सिस्टर ऐकत राहिल्या. त्यांच्या कपाळाची एक शीर तेवढी उडत होती. शेवटी त्या "झालं?" असं विचारून ट्रे घेऊन निघून गेल्या. त्याचा तर मनिषाला आणखीनच संताप आला.

डॉक्टर निनाद वॉर्डात होते. तिशीच्या आतले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी तिला खिडकीपाशी नेलं.

"हे वेड नाही, ताई. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर, ताप आल्यावर, जागा बदलल्यावर असा भ्रम होतो. उतरतोही. पण..."

"पण काय?"

"छातीत कफ जमायला लागलाय. त्यांना उठवून बसवायला हवं, दोन पावलं चालवायला हवं, तोंडानं खायला हवं. ते काहीच करू देत नाहीत. संध्याकाळी मोठे सर राउंडला येतील. असंच राहिलं तर आयसीयूत हलवून झोपेच्या औषधावर ठेवावं लागेल." ते थांबले. "आणि या वयात तसं झोपवलं की पुन्हा उठून बसणं फार कठीण जातं. मी उगाच गोड बोलत नाही."

"मग उपाय काय?"

"खरा उपाय म्हणाल तर ओळखीचं माणूस जवळ हवं. ओळखीचा चेहरा, ओळखीचा आवाज. पुस्तकात पहिला तोच लिहिलाय."

"आणि तुमच्या गेटवर पहिला सिक्युरिटीवाला बसवलाय."

डॉक्टर ओशाळले. "नियम मी केलेला नाही, ताई."

"मग ते पोस्टर कुणी केलंय?"

भेटीची वेळ संपली आणि मनिषाला खाली पाठवण्यात आलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती त्या दात दाखवणाऱ्या सुनेसमोर क्षणभर उभी राहिली आणि मग तिच्याकडे पाठ करून रिक्षात बसली. संध्याकाळपर्यंत काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

घरी रंभाबाई दारातच उभ्या. लुगडं बदललेलं, केस चापून बांधलेले, हातात पेजेचा डबा.

"आज मना ने."

"आई, आज नको. आज मोठे डॉक्टर..."

"काल पन तेच बोल्लीस."

"मग काय करू? नेऊन काय दाखवू तुम्हाला?"

"माजा नवरा दाकव. मेलाय का जित्ता हाय, तेवडा तरी सांग."

आणि मनिषाचा बांध फुटला. धनेशनं दिलेली ताकीद, लाज, सगळं चुलीत. "जिवंत आहेत! जिवंत आहेत आणि सगळ्या नर्सांसमोर घाण घाण बोलतायत. भ्रमिष्ट झालेत. म्हणून नेत नाही. आता कळलं? खूश?"

रंभाबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "वात झालाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "ताप डोक्यात चढला का वात व्हतो. त्यात येवडा वरडायला काय झाला? काय बोलतान?"

"मी नाही सांगणार."

"सांग गो."

मनिषानं भिंतीकडे तोंड केलं. "उघडी हाय म्हणतात. उघडी हाय, उघडी हाय, बांधा."

पाठीमागे डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. तिला वाटलं, सासूबाई रडत असतील. वळून बघते तर रंभाबाई तिच्याकडे अशा बघत होत्या की जणू हिला शाळेत घातलं ते पैसे वाया गेले.

"उघडी नाय, मेलीस तू," त्या म्हणाल्या. "उघाडी! उघाडी गो!"

"म्हणजे?"

"बांधाची उघाडी!"

मनिषाचं माहेर करंज्याचं. होड्या, जाळी, वाळत घातलेले बोंबील यातलं तिला सगळं कळायचं, पण खाडीकाठच्या खारीतली भातशेती तिनं कधी पाहिली नव्हती. ती या घरात आली तेव्हा खार विकली जाऊन तिच्यावर भराव पडला होता आणि पुढं तर अख्खं गावच विमानतळाच्या पोटात गेलं. मग रंभाबाईंनी तिला सांगितलं. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून गावानं घातलेला तो बांध आणि त्या बांधातलं लाकडी दार म्हणजे उघाडी. ओहोटीला उघडायची, पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीच्या आत फळ्या टाकून बंद करायची. विसरलं, की खारं पाणी आत. एकदा आत शिरलं की ती जमीन पुढची दोनतीन वर्षं भाताचं तोंड बघत नाही.

"आनि गावाची उघाडी कुनाकडं व्हती? ह्यांच्याकडं. उधानाच्या दिवसांत ताटावरून उठून धावायचे. 'उघाडी उघडी हाय रं, बांध बगा, बांधा!' आवघा गाव धावायचा." रंभाबाईंचा आवाज आता चिरकला. "आनि तुमी येवडी शिकली मानसा, तुमी त्यांना काय समजलाव?"

वॉर्डात ओरडणारा म्हातारा मनिषाच्या डोळ्यांपुढे आला. पाणी येतंय, पाणी येतंय म्हणून जीव तोडून सांगतोय आणि कुणी त्याच्यावर पांघरूण घालतंय, कुणी चादरीत तोंड घालून हसतंय, आणि सून कानात सांगतेय की बाबा, असं बोलू नये.

"पण आई, स्पष्ट ऐकू आलं मला. उघडीच म्हणत होते."

"दात हायेत का त्यांच्या तोंडात?"

मनिषा आतल्या खोलीत गेली, कपाट उघडलं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलनं एक प्लास्टिकची पिशवी तिच्या हातात दिली होती. किमती वस्तू नातेवाइकांनी सांभाळाव्यात. तिनं ती नीट सांभाळली होती. साड्यांच्या मागं, दागिन्यांच्या डब्याशेजारी. पिशवीत बाबांची कवळी होती, चष्मा होता, कानाचं मशीन होतं. आठवडाभर त्या माणसाला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं आणि धड बोलता येत नव्हतं आणि हे सगळं तिनं स्वतःच्या हातानं कुलपात ठेवलं होतं. हॉस्पिटलात एकानंही परत मागितलं नाही हे खरं. पण तिच्याही डोक्यात आलं नाही, हेही तितकंच खरं. मनिषानं कपाळावर हात मारून घेतला.

"चला," ती म्हणाली.

सिक्युरिटीवाल्यानं अर्थातच अडवलं. एक पेशंट, एक पास. शिवाय ही भेटीची वेळ नाही. मनिषानं समजावलं, मग विनवलं, मग भांडली. "अरे, बायको आहे ती त्यांची!" "असेल, मॅडम, पण मला वरून ऑर्डर आहे." रंभाबाईंनी तेवढ्यात लिफ्टच्या दिशेनं सरळ चालायला सुरुवात केली होती. तो त्यांच्या मागं धावला, मनिषा त्याच्या मागं, आणि पेजेचा डबा हातात घेतलेल्या म्हातारीला हात कसा लावायचा हे त्याला कळेना. तमाशा बघायला अर्धा तळमजला गोळा झाला.

लिफ्टचं दार उघडलं आणि आतून सिस्टर अरुंधती बाहेर आल्या. जेवणाच्या सुट्टीला निघाल्या असाव्यात. मनिषाचं तोंड कडू झालं. सकाळी जिला खोटारडी म्हटलं, आता तिच्याच दारात.

"काय चाललंय?"

"बाबांचे दात आणलेत," मनिषाच्या तोंडून एवढंच निघालं. "आणि या त्यांच्या मिसेस आहेत. ते घाण बोलत नव्हते, सिस्टर."

सिस्टरनी पिशवीकडे पाहिलं. रंभाबाईंकडे पाहिलं. मग सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "सोड दोघींना."

"मॅडम, पण ऑर्डर..."

"ऑर्डर देणाऱ्याला म्हणावं, ये वर आणि सांभाळ. दोन मुलींवर अख्खा वॉर्ड चालवतेय मी." आणि जेवायला न जाता त्या तशाच लिफ्टमध्ये परत शिरल्या.

रंभाबाईंनी नवऱ्याचे बांधलेले हात पाहिले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी एक अशी शिवी हासडली की समोरच्या चादरवाल्यानं पुन्हा तोंड झाकून घेतलं. मग पट्ट्यांच्या गाठी सोडायला बसल्या. सिस्टर म्हणाल्या, "सोडा, पण सुई उपटली तर जबाबदारी तुमची." रंभाबाई म्हणाल्या, "माजा नवरा हाय, तर जबाबदारी कुनाची आसंल?"

हात सुटल्यावर बाबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नाक खाजवलं. चांगलं रगडून, मनसोक्त. ते बघून मनिषाला रडू आलं.

मग कानात मशीन बसवलं, ते शिट्टी मारायला लागलं, पुन्हा काढून बसवलं. कवळी धुऊन तोंडात घातली. चष्मा लावला. गाल भरले, नाक जागेवर आलं, आणि खाटेवरच्या त्या पिचक्या परक्या म्हाताऱ्याचा पुन्हा शिवा घरत झाला.

"कोन तू?" ते रंभाबाईंना म्हणाले.

"तुमची आयस."

बाबांनी थोडा विचार केला. ही आपली आई, हे पटलं नसावं. मग पुन्हा उठायला लागले. "आगो, उघाडी! उघाडी उघडी हाय! पानी येल आत!" आणि या वेळी शब्द असा खणखणीत आला की सगळ्या वॉर्डानं ऐकला.

"उघाडी म्हणजे?" सिस्टरनी विचारलं. मनिषानं सांगितलं. सांगताना तिला वाटलं होतं की आपण जिंकू, सिस्टरचं तोंड बघण्यासारखं होईल. सिस्टरनी नुसती सलाईनची नळी सरळ केली. "आम्हाला काय माहीत, ताई," त्या म्हणाल्या. "मी अकोल्याची. आमच्याकडं समुद्रच नाही." हे मनिषाला लागलं, कारण तिच्याकडं समुद्र होता आणि तरी तिला माहीत नव्हतं.

इकडे रंभाबाईंना वाटलं होतं, सोपं काम आहे. "झाली बंद उघाडी," त्या म्हणाल्या. "फल्या टाकल्या."

"कुनी टाकल्या?"

"आनंदानं."

बाबांचे डोळे बारीक झाले. "आनंदा मेला नाय का?"

रंभाबाई मनिषाकडं वळल्या. "बग, नको तवडी सुद हाय." मग त्यांनी थाप मारायचा नाद सोडला. नवऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्यावर खेकसल्या. पनवेलला हाव आपन. तुमचा पाय मोडलाय. बाथरूममदी चप्पल घाला, चप्पल घाला म्हनून मी किती वरडले, आयकलाव? आनि शेत कवाच गेलं, त्येच्यावर आता इमान उतरतान. त्यांना भिजू दे, आपल्याला काय?

मनिषा घाबरली. आठवडाभर तीही खरंच सांगत होती आणि त्यानं बाबा जास्तच पेटत होते. पण ती परक्या भाषेत, मवाळ आवाजात, बहिऱ्या कानात सांगत होती. हे खेकसणं बाबांनी पन्नास वर्षं ऐकलेलं. त्यांनी डोळे किलकिले करून बायकोकडं नीट पाहिलं.

"रंभा?"

"मंग कोन?"

"पेज आनलीस का?"

सगळं जादूनं नीट झालं असं कुणी समजू नये. दोन घोट पेज प्यायले की पुन्हा कुठंतरी हरवायचे, सलाईनच्या नळीला दोरी समजून ओढायचे, रंभाबाई हातावर चापट मारायच्या. पण ओरडणं थांबलं. दुपारी व्यायामवाल्या मुलीनं, सिस्टरनी आणि मनिषानं मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. खोकले, कफ पडला. मोठे सर राउंडला आले, खुर्चीतल्या पेशंटला बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. डॉक्टर निनाद त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. "ठीक आहे, आज आयसीयू नको," सर म्हणाले. "पण घरचं माणूस हलता कामा नये." जणू काही आठवडाभर घरचं माणूसच पळून पळून जात होतं! मनिषानं ओठ दाताखाली दाबून धरले.

भेटीच्या वेळेला धनेश आला. खाली सिक्युरिटीवाल्याशी हुज्जत घालूनच वर आला असावा, घामाघूम. दारातच थबकला. आई खाटेवर मांडी घालून बसलेली, बाप खुर्चीत, चष्मा लावून.

"आईला कुनी आनली?" तो मनिषावर गुरगुरला.

"मी. आणि थांबा, आधी ऐकून घ्या ते काय बोलत होते..."

पण बाबांनी त्याला पाहिलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात पुढं केला. मनगटाभोवती पट्टीचे लाल वळ उठले होते.

"धनेश आला? ये, ये रं." त्यांनी लेकाचा हात घट्ट धरला. "मी हिला आता तेच सांगनार व्हतो. येवडी मानसा हितं, मी घसा फुटंपर्यंत वरडतोय, येकानं आयकला नाय. तू काल आलास, हितं, या दारात उभा रायलास, आनि सगल्यांना वरडून बोल्लास, बांदा! बांदा त्यांना! तवा माजा जीव खाली पडला. बोल्लो, पोराला कलला. आता पानी येत नाय. मंग मी गप रायलो."

"मंग! लेक कुनाचा हाय?" रंभाबाई कौतुकानं म्हणाल्या.

धनेश हलला नाही. त्याची नजर बापाच्या मनगटावर होती. शेजारच्या खाटेपाशी सिस्टर अरुंधती सलाईन बदलत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही, पण मनिषानं त्यांच्याकडं पाहिलं आणि सकाळी आपण काय काय बोललो ते एकेक शब्दानिशी तिला आठवलं.

"बाबा, मी तसा नाय..." धनेश बापापाशी वाकला. "मी बोल्लो ता..."

"काय तसा नाय?" आईनं विचारलं.

त्यानं मनिषाकडं पाहिलं. सांगू नकोस, असं ते बघणं होतं. मनिषाला त्याचा इतका राग आला होता की तिच्या कानशिलांत ठणकत होतं. ती एक शब्द बोलली असती तर पुरलं असतं. पण म्हातारा लेकाकडं असा अभिमानानं बघत होता की तो शब्द तिला उच्चारता आला नाही आणि त्याचाही तिला रागच आला.

"काय नाय," धनेश म्हणाला. "बंद हाय उघाडी, बाबा."

बाबांनी मान हलवली आणि डोळे मिटले. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच, इंजेक्शनशिवाय, आपले आपण. ज्यानं बांधायला सांगितलं होतं त्याचाच हात छातीशी धरून ते झोपी गेले. धनेशनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी झोपेतच तो आणखी घट्ट धरला, आणि तो मोठा बिल्डर खुर्चीपाशी वाकलेला तसाच उभा राहिला.

मनिषा उठून पलीकडच्या खाटेपाशी गेली.

"सिस्टर, माझं चुकलं," ती म्हणाली. मुद्दाम मोठ्यानं, नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या.